दोन पाण्यांचा जवळा

जवळ्यावर प्रेम करणारी माणसं आमच्या रायगडात पैशाला पासरी मिळतील. पण ती सगळी भाकरीच्या बाजूने प्रेम करणारी. जन्मात एकदाही जवळा जिभेवर न ठेवता त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो रोह्यात आमचा घरमालक होता. आम्ही नवराबायको वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, तो आणि त्याची बायको खाली. आम्ही त्यांना काका-काकी म्हणायचो. मी तहसील कचेरीत कारकून, म्हणजे सरकारदप्तरी माझी काही किंमत होती असा माझा समज होता. काकांच्या लेखी मात्र मी 'जवळा खाऊ शकणारा शेजारी' होतो, आणि नव्वद सालानंतरची सहा-सात वर्षं माझी तीच खरी ओळख होती.

काकांच्या न खाण्याचं कारण अगदी साधं. ते ज्यू होते, आमच्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. ज्या माशाला खवले नाहीत किंवा पर नाहीत तो त्यांच्या धर्मात चालत नाही. जवळ्याला दोन्ही नाहीत, नुसते पाय आहेत, तेही मोजता मोजता दमावं इतके. त्यामुळे सुरमई चाले, बोंय चाले, जवळा बंद. घराणं मूळचं तेल्यांचं. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणायची. घाणा आजोबांबरोबर गेला. काका रसायनशास्त्र शिकले आणि धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागले. पण रक्तातलं तेल कुठे जातं? कुठलीही वस्तू हातात आली की हिच्यात तेल किती, हा प्रश्न त्यांना आधी पडायचा. लग्नातल्या अक्षतासुद्धा ते दोन बोटांत चोळून बघत.

जवळा त्यांच्या आयुष्यात आला तो एका परदेशी मासिकातून. कंपनीच्या रद्दीत सापडलेलं ते मासिक त्यांनी इतकं वाचलं होतं की त्याची पानं सुपारीच्या पिशवीसारखी मऊ झाली होती. त्यात दक्षिण टोकाच्या बर्फाळ समुद्रातल्या जवळ्याची हकिकत होती. आपल्या जवळ्याचा तो थोरला चुलतभाऊ, बोटाएवढा. उन्हाळ्यात पाण्यात हिरवं शेवाळ माजलं की तो खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतो आणि हिवाळ्यात बर्फाखाली तीच चरबी जाळून जगतो. फारच उपासमार झाली तर चक्क आखूड होतो. समुद्राच्या एका भागातला जवळा तुपकट, दुसऱ्या भागातला कोरडा. पाणी किती थंड, खायला काय, यावर सगळं अवलंबून. हे सांगताना काकांचा आवाज भरून यायचा. "आखूड होतो, पण मरत नाही," म्हणायचे. आणि मग त्यांना सुचलं की आपल्याकडेही दोन पाणी आहेत. रोह्याला कुंडलिकेची खाडी, पेणला धरमतरची. पेणच्या बाजूला मिठागरं, पाणी खारट. मग दोन्हीकडच्या जवळ्याच्या अंगातलं तेल सारखं कसं असेल? झालं. त्या प्रश्नापायी त्यांनी नोकरीतून वेळेआधी निवृत्ती घेतली, आणि कंपनीने टाकून दिलेली काचेची भांडी, नळ्या, चंबू टोपलीतून घरी आणले.

तेल काढायला ते पेट्रोलसारखं भडकणारं काहीतरी वापरत. त्यामुळे मंगळवारी आणि गुरुवारी घरात कुठेही जाळ पेटवायला बंदी. खाली दोरीवर लाल पंचा वाळत घातलेला दिसला की वर आम्ही चहाशिवाय. माझ्या बायकोने संसाराच्या पहिल्या वर्षी पंचांग कमी आणि तो पंचा जास्त पाहिला. तिचा भाऊ एकदा पेणहून आला आणि अंगणात निवांत बिडी शिलगावणार, तेवढ्यात काकांनी त्याच्यावर घागरभर पाणी ओतलं. मग टॉवेल दिला, स्वतःचा कोरडा लेंगा दिला आणि तासभर जवळ्यावर व्याख्यान दिलं. पाण्याचं मला काही वाटलं नाही, असं मेहुणा पुढे म्हणायचा.

माणसांकडेही ते त्याच नजरेने बघत. माणूस आणि जवळा यांत फरक पायांचा, असं त्यांचं ठाम मत. आमचे एक नायब तहसीलदार बदली होऊन अलिबागला गेले आणि वर्षाने सुटलेलं पोट घेऊन भेटायला आले. काकांनी त्यांना नमस्कारही न करता, तिकडे विहिरीचं पाणी पिता की नळाचं, असं विचारलं. मुंबईला नोकरीला गेलेली पोरं गणपतीला घरी आली की काका त्यांचे दंड चाचपत. ते शास्त्र होतं, पण पोरांच्या आयांना वाटे, काका किती मायाळू.

दर बुधवारी रोह्याच्या बाजारातून वर्तमानपत्राच्या पुडीत रोह्याचा सुका जवळा यायचा. दर रविवारी काका एस.टी.ने पेणला जात. तिथे बाजारात एक कोळीण ठरलेली होती. ती त्यांच्यासाठी त्या आठवड्याचा जवळा पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवायची. काकांनी गेल्या आठवड्याचा रिकामा डबा द्यायचा आणि भरलेला घ्यायचा. परतीचा प्रवास हा एस.टी. महामंडळाच्या सहनशीलतेचा कळस असायचा. एकदा मीही बरोबर होतो, तेव्हा गडब गावाशी गाडी थांबवून कंडक्टरने सांगितलं, एक तर डबा टपावर जाईल नाहीतर तुम्ही दोघं. काका डब्यासकट टपावर चढायला निघाले. शेवटी मागच्या बाकावरच्या बायांनीच मध्यस्थी केली आणि नागोठण्यापर्यंत सगळी गाडी बर्फाच्या समुद्राची गोष्ट ऐकत होती. उतरताना एका शाकाहारी गृहस्थाने, बिचारा आखूड होतो हो, असं हळहळून म्हटल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

तेल काढायला मूठभर जवळा लागे. उरलेला माझ्याकडे. ही मेजवानी नव्हे, कामगिरी होती. दोन ताटल्या, पेण आणि रोहे, शेजारी वही. खायचं आणि चव लिहायची. काका समोर बसून माझ्या जबड्याची हालचाल बघत. काकांना मी 'सहकारी' होतो, म्हणून ते मला अहोजाहो करत. काकी सरळ अरेतुरे करत. माझी बायको माहेरची पेणची. पेणचा जवळा सरस हे सांगायला शास्त्र कशाला पाहिजे, असं ती जिन्यातून ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. आणि खरं सांगतो, पेणचा जवळा लागायचाही चविष्ट. वहीत मी दर खेपेला इमानदारीत लिही: किंचित तिळासारखी चव. काका ते वाचून स्मित करत. जीभ अजून शिकलेली नाही तुमची, म्हणत.

आता काकींचं सांगायला हवं. काकी साध्या, कामसू, मितभाषी. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेली होती. तिकडे नात झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि काकींनी तिला फक्त फोटोत पाहिलेलं. आजूबाजूच्या गावांतली त्यांची माणसं एकेक करून केव्हाच निघून गेली होती. पासपोर्ट तयार होते. काकींच्या कपाटाखाली एक बॅग कायम भरलेली असायची. थंडी आली की त्यातले स्वेटर वापरायला बाहेर निघत आणि थंडी संपली की धुऊन पुन्हा आत जात. काकांचं एकच म्हणणं, जवळ्याचं वर्षाचं चक्र पूर्ण होऊ दे, मग निघू. पण पावसाळ्यात होड्या बंद. ताजा वाळवलेला जवळा मिळायचा नाही, वहीतले ते महिने कोरे राहायचे आणि चक्र अपुरं. मग पुढचं वर्ष. अशी पाच वर्षं अपुरी राहिली. काकी एका शब्दाने बोलत नसत. फोटो मात्र रोज पुसत.

आणि चक्र सोडून निघावं तरी कसं? शोधच तसा लागला होता. पेणच्या जवळ्यात रोह्याच्या जवळ्याच्या जवळजवळ दुप्पट तेल. दर आठवड्याला, न चुकता. खारट पाण्यात जवळा तेल धरतो, हा काकांचा सिद्धांत. त्यांनी मुंबईच्या एका प्राध्यापकांना बारा पानी पत्र लिहिलं आणि आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. निकाल थक्क करणारा आहे, मी स्वतः येऊन बघतो, तोवर थोडं तेल बाटलीत घालून पाठवा. काकांनी ते पत्र मला दिवसातून तीनदा वाचून दाखवलं. ते इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. त्या आठवड्यात ते लाल पंचा घालायला विसरले, आणि नशीब, आम्हीही त्या दिवशी चहा करायला विसरलो.

पुढच्याच शुक्रवारी मी दुपारी लवकर घरी आलो आणि काकींच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचे शनिवारचे दिवे लागत, आणि त्याआधी परक्याचं भांडं घरात राहू द्यायचं नाही अशी काकींची रीत. ओट्यावर परत करायची भांडी ओळीने मांडली होती. आमची वाटी, शेजारणीचं पातेलं, कोणाचा तरी पेला आणि शेवटी तो बिस्किटांचा डबा. काकी तेलाची बरणी घेऊन प्रत्येकात चार चमचे तिळाचं तेल घालत होत्या. डब्यातही घातलं आणि झाकण लावलं. मी विचारलं, काकी, हे काय? त्या सहज म्हणाल्या, "तेल्याच्या घरातून भांडं कोरडं परत जात नाही रे. सासूबाई घालायच्या, मी घालते." आमची वाटी वर्षानुवर्षं तेल घेऊन परत यायची आणि आम्ही मुकाट्याने फोडणीला वापरायचो. ते डब्याच्याही बाबतीत होत असेल हे माझ्या काय, कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मला राहवलं नाही. सगळं बोलून गेलो. पेणचं तेल, दुप्पट आकडा, प्राध्यापक. काकी पाटावर बसल्या. आधी खूप हसल्या, इतक्या की पदराने डोळे पुसावे लागले. मग माझ्याच हाताने मी इथे अडकून बसले म्हणायची, असं पुटपुटल्या. मी म्हटलं, मी सांगतो काकांना. दोन महिन्यांत तुम्ही नातीजवळ असाल. त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं. मग म्हणाल्या, "नको सांगूस. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ते प्राध्यापक येऊन जाऊ देत. नात काय, अजून थोडी मोठी होईल." माझ्याकडून शपथ घेतली. मी म्हटलं, मग निदान आता डब्यात घालू तरी नका. तर म्हणाल्या, कोरडा डबा मी कसा पाठवू? शिवाय आकडा एकदम खाली आला तर त्यांना कळेल. त्या माणसासाठी त्या बाईने भरलेली बॅग आणखी आत ढकलली, आणि मी वर जाऊन बायकोशीही काही बोललो नाही.

माझा मूर्खपणा असा, की त्या दिवसापासून मी वहीत तिळाची चव लिहिणं बंद केलं. पाच वर्षं दर आठवड्याला तीळ, आणि अचानक तीळ गायब. आकडे मात्र तसेच. काका पत्रासाठी वही चाळत बसले आणि नेमकं तेच त्यांच्या डोळ्यांत खुपलं. काका भोळे होते, पण केमिस्ट होते. तिळाच्या तेलात ॲसिड आणि चिमूटभर साखर घालून हलवली की खाली गुलाबी रंग धरतो, ही भेसळीची परीक्षा लॅबमधल्या कोणत्याही पोऱ्याला येते. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. नळीत लग्नातल्या फेट्यासारखा गुलाबी रंग होता. काका भयंकर संतापले होते. कोळीण भेसळ करते, म्हणाले. रविवारी चला माझ्याबरोबर. आणि शपथेमुळे खरं सांगता येईना, म्हणून मी गेलो.

पेणच्या बाजारात कोळीण नेहमीच्या जागी बसली होती. काकांनी तिच्यापुढे नळी धरली आणि तेल कुठून आलं विचारलं. ती बाई घाबरली तर नाहीच, उलट तिला काकांचीच काळजी वाटली. "त्याल तुमच्याच घरचं हाय. दर आयतवारी डब्यातून येतं. थोडं पोरीच्या डोक्याला लावतंय, बाकीचं तसंच ठेवतंय नि वरती जवला भरतंय. त्यालाचा डबा धुवाचा नसते, लक्ष्मी हाय ती. तुमच्या बाईला सांगा, पोरीचं केस बघा किती वाढलं." आणि बाजूला जवळा निवडत बसलेल्या पोरीची वेणी तिने उचलून दाखवली. वेणी खरोखरच लांबलचक होती. काकांनी नळी खिशात ठेवली. त्या दिवशी त्यांनी रिकामा डबा दिला, भरलेला घेतला, आणि तिला नमस्कार केला.

परतीच्या गाडीत गडब मागे पडेपर्यंत काका डबा मांडीवर घेऊन बसले होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी आजी तीळ बघून तेल किती निघेल ते सांगायची. तिच्या नातवाला पाच वर्षं तिळाचं तेल ओळखता आलं नाही." मी म्हटलं, काका, पुन्हा करू. काचेच्या बरण्या नेऊ, पहिल्यापासून करू. त्यांनी मान हलवली. आकडा दुप्पट नसेल तर प्राध्यापक कशाला येतील, म्हणाले. आणि आणखी पाच वर्षं मी तिला काय सांगून थांबवू? मग माझा हात धरला. "मला जायचं नाही हो. मला इथेच राहायचं होतं. जवळा निमित्त होतं. आता तेही नाही." पुढे म्हणाले, तिला मात्र हे कळू द्यायचं नाही. आपल्या तेलाने नवऱ्याचं काम बुडालं असं वाटलं तर ती जन्मभर मनाला लावून घेईल. घ्या शपथ. मी घेतली. नागोठण्याच्या अलीकडे एकाच महिन्यात दुसरी शपथ घेणारा तहसील कचेरीतला मी पहिलाच कारकून असेन.

त्या संध्याकाळी काकांनी काकींना सांगितलं की चक्र पूर्ण झालं. दोन्ही पाण्यांत काही फरक नाही, जवळा सगळीकडे सारखाच, आपण निघू. मी जिन्यात उभा होतो. काकींनी झटकन वर माझ्याकडे पाहिलं, मी बोललो की काय म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. मग त्या रडल्या. नातीसाठी रडल्या असतील, काकांसाठीही असतील. काका त्यांच्या शेजारी बसून पदराचं टोक हातात घेऊन बसले होते. प्राध्यापकांना त्यांनी पोस्टकार्ड टाकलं, की नमुन्यात घरचं तेल मिसळल्याने निकाल रद्द समजावा. पोस्टात मीच टाकायला नेलं, म्हणून वाचता आलं. सही नेहमीपेक्षा मोठी होती.

थंडीत ते दोघं गेले. काचेची भांडी कॉलेजला दिली. जाताना स्टेशनवर काका सारखं, तिकडचं पाणी मानवेल ना, असं मला विचारत होते. मी म्हटलं मानवेल, तुम्ही खाऊनपिऊन राहा. गाडी हलली तेव्हा काकी दारात उभ्या होत्या आणि काका आत तोंड फिरवून बसले होते. मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, चहा कर. मंगळवार होता. तिने सवयीने आधी खाली दोरीकडे बघितलं.

अजून पत्रं येतात. अक्षर काकींचं. काकांना आता नीट दिसत नाही, ते सांगतात आणि त्या लिहितात. वजन वाढलंय, नात मराठीत शिव्या देते, समुद्र जवळ आहे पण त्याला आपल्या खाडीचा वास नाही, असं काय काय. माझं पत्र गेलं की काकी ते मोठ्याने वाचतात आणि काका ऐकतात, हेही त्यांनी कळवलंय. तिथेच माझी पंचाईत होते. काकांना लिहावंसं वाटतं की तुमच्यासाठी ही बाई सगळं ठाऊक असून गप्प बसली, नातीला मोठी होऊ दिली. काकींना लिहावंसं वाटतं की हा माणूस तुम्हाला दोष लागू नये म्हणून मन मारून निघाला. एकाला लिहिलं तर दुसऱ्याने ऐकलंच. दर वेळी कागद घेऊन बसतो, दोन ओळी लिहितो आणि फाडतो. मग या वर्षी भात कसं आहे ते लिहितो, रोह्याला कोणाचं लग्न झालं ते लिहितो, आणि खाली दोघांना मिळून एकच नमस्कार लिहितो.